ओट्यावरची चौकशी

धुरपताबाई : तुमच्या नातीचं, वैजयंतीचं लग्न झालं ना भाऊ, त्याच सालची गोष्ट. दोन हजार बावीस. मांडवाच्या बल्ल्या अजून उभ्याच होत्या, अन् मानोऱ्याचे पाहुणे माझ्या मुन्नाची चौकशी कराले ह्याच ओट्यावर येऊन बसले होते.

उकंडराव : आठवते मले.

धुरपताबाई : मग तुमी काय सांगतलं, तेही आठवत असन.

उकंडराव : त्यायनं विचारलं, पोरगा दारू पितो का? मी म्हणलं, पितो.

धुरपताबाई : एक शब्द. चहा संपायच्या आत पाहुणे उठले.

उकंडराव : मग काय खोटं सांगू? बारा गावचे लोक सोयरीक जोडायच्या आधी मले विचाराले येतात. काहून? तर उकंडराव सख्ख्या पुतण्याचंही झाकत नाही.

धुरपताबाई : हो ना. तुमच्या खरेपणाचं जेवण तुमी जेवले, भांडे मी घासून राह्यली. मानोऱ्याच्या लोकायनं समद्या नात्यात सांगतलं. दुसरा पाहुणा माझ्या दारात आला नाही. पोरानं पुन्हा बाटली धरली, ती मरेपर्यंत सोडली नाही.

उकंडराव : मी पाजली नाही त्याले.

धुरपताबाई : मी तसं म्हणलं का?

उकंडराव : मग आज सकाळीच काहून आली?

धुरपताबाई : माझ्या धाकट्या गोलूसाठी. किन्हीराजा गावची पोरगी हाय, साधना. तिले गोलू पसंत, गोलूले ती. आज तिची आत्या येऊन राह्यली, गोमतीबाई. ती माझ्या घरी पहिले नाही येणार, तुमच्याकडंच येईन. तिले सांगा, पोरगा पीत नाही. बस, एवढंच.

उकंडराव : आता नाही पीत. पण दोन वर्ष प्यायला तो. स्टँडवर आडवा पडला होता, मीच उचलून आणला.

धुरपताबाई : ते नाही सांगायचं. आज पीत नाही, हे खोटं हाय का?

उकंडराव : खोटं नाही. अर्धं आहे.

धुरपताबाई : अन् मुन्नाच्या वक्ताले कोणतं पूर्ण सांगतलं होतं? पाच महिने झाले होते त्याले सोडून. पाच!

उकंडराव : माहीत होतं.

धुरपताबाई : काय?

उकंडराव : पाहुणे यायच्या चार दिवस आधी तो फाटकापाशी येऊन उभा राह्यला होता. चप्पल काढून. म्हणे, बाबा, पाच महिने झाले, थेंब नाही घेतला. मी म्हणलं, चांगलं केलं लेका.

धुरपताबाई : अन् तरी तुमी 'पितो' म्हणले?

उकंडराव : मले वाटलं, उद्या पुन्हा लागला तर? लोक म्हणतीन, उकंडरावाचा शब्द खोटा निघाला. 'पितो' म्हणलं की मी सुटलो. प्यायला तर मी खरा. नाही प्यायला, तर मले विचाराले कोण येते?

धुरपताबाई : मी इतके दिवस समजत होती की तुमाले ठाऊक नव्हतं. त्याच्यावर तर मी तुमाले माफ केलं होतं भाऊ.

उकंडराव : म्हणूनच सांगतलं आज.

धुरपताबाई : मुन्ना बोलला नाही मले, तुमच्याकडं आला होता म्हणून. एका शब्दानं नाही बोलला... दारू वाईटच. तिनं माझ्या घरातून पोरगा नेला. पण पिणाऱ्याले लोक तोंडावर दारुडा तरी म्हणतात. तुमच्या ह्या गोष्टीले काय म्हणावं?

उकंडराव : मले नाही माहीत. लोक तर तिलेच इमानदारी म्हणून राह्यले.

धुरपताबाई : ऑटो थांबला. आलीच ती. मी आत बसते. तुमाले काय सांगायचं ते सांगा, आता मी हात नाही जोडणार.

(धुरपताबाई घरात जाते. गोमतीबाई ओट्यावर येते.)

गोमतीबाई : राम राम दादा. उकंडराव तुमीच ना? त्या ऑटोवाल्यानं साऱ्या गावातून फिरवलं मले. मी साधनाची आत्या, किन्हीराजाची. पाणी नको, चहा चालन. अन् मी सरळच विचारते, मले फिरवून बोलता येत नाही. धुरपताबाईचा गोलू कसा आहे?

उकंडराव : कामाचा आहे. ट्रॅक्टर चालवते. आळस नाही.

गोमतीबाई : कामाचे तर बैलही असतात. दारू?

उकंडराव : प्यायचा. दोन वर्ष प्यायला.

गोमतीबाई : आत काय पडलं? कोण आहे घरात?

उकंडराव : गोलूची माय.

गोमतीबाई : अगो माय! चौकशी माझी, अन् ऐकून कोण राह्यलं! या हो बाई बाहेर, या. माय आत बसली असून तुमी पोराचं असं सांगता दादा? लोक म्हणतात ते खरंच आहे मग. मोठे खरे माणूस!

उकंडराव : ज्या नावावर तुमी इथं आल्या, ते नाव तेवढं खरं नाही. ह्या गोलूले मोठा भाऊ होता. त्याची चौकशी आली, तवा त्यानं पाच महिन्यापासून सोडली होती. मले ठाऊक होतं. तरी मी 'पितो' एवढंच म्हणलं. माझं नाव जपलं, त्याची सोयरीक तोडली. मग तो पोरगा सावरलाच नाही.

गोमतीबाई : मग तुमच्या शब्दावर मी पोरगी कशी देऊ?

उकंडराव : नका देऊ. ह्यायच्या घरी जा, गोलूच्या समोर बसा, त्यालेच विचारा. मी पाहिलं ते सांगतो, आता तो पीत नाही. उद्याचं मले सांगता येत नाही.

धुरपताबाई : बाई, पोरगा प्यायचा हे खरं हाय. मीच ह्यायले म्हणलं होतं, झाका म्हणून.

गोमतीबाई : झाकून काय होते बाई? साधनाचा बाप म्हणजे माझाच भाऊ. तो पिऊन आला की ही पोट्टी कोठीमागं लपून बसे. अजूनही कोणी मोठ्यानं बोललं की दचकते. तिले मी घरी जाऊन काय सांगू? लग्नाच्या तोंडावर समदेच सोडतात. मले दिवस सांगा. कोण्या दिवसापासून सोडली ह्यानं?

धुरपताबाई : सांगा भाऊ. माझ्या तोंडून नाही निघत.

उकंडराव : त्याचा भाऊ मुन्ना मेला, त्या दिवसापासून. पोळ्याची कर होती. मंगळवार, तीन सप्टेंबर, दोन हजार चोवीस.