झुंबरकाकीच्या दारातला शनी

...तर मी काय म्हणतो, अख्खं गडमुडशिंगी मोकळं पडलंय, रस्ता हाय, पाण्याची टाकी हाय, पण शनी रोवला कुठं? आमच्या झुंबरकाकीच्या दारात. आणि कधी? रविवारी तिच्या अनुजाला बघायला कसबा बावड्याचं पावणं येणार, बरोबर त्याच आठवड्यात. हसू नका राव. आधीची दोन ठिकाणं जुळता जुळता फिसकटलेली, तिसरं कसंबसं दारापर्यंत येतंय, आणि काकी सकाळी म्हशीला पाणी दाखवायला भाईर आली तर फुडं लोखंडी खांब, खांबावर मोसंबीएवढा गोळा, गोळ्याभोवती पत्र्याचं कडं, आणि खाली ठसठशीत पाटी... शनी.

तुम्हास्नी सांगतो, ह्यो सगळा उद्योग शाळेतल्या स्नेहलबाईंचा. विज्ञान शिकवतात. त्यांनी काय केलं, शाळेच्या भिंतीवर मीटरभर रुंदीचा पिवळाधमक सूर्य रंगवला, आणि त्या मापानं ग्रह मांडत गावातनं निघाल्या. पृथ्वी केवढी, तर टपोऱ्या हरभऱ्याएवढी. मंगळ तिच्या निम्मा. म्हंजे आपण सगळी माणसं, आपली भांडणं, आपली शेतं, सगळं त्या एका हरभऱ्यावर. गुरू मात्र सोललेल्या नारळाएवढा, त्यो डेअरीपाशी आला. फुडं नेपच्यून पार गाव ओलांडून उसाच्या बांधाला. आणि मधी शनी, सूर्यापासनं किलोमीटरभर, मोजत मोजत आला आणि थांबला काकीच्या दारात. आता किलोमीटर तिथंच संपला त्याला बाई तरी काय करणार?

काकी तशीच शाळेत. पदर खोचलेला, हातात शेणाचं घमेलं, खाली ठेवायचंबी सुचलं न्हाई.

"बाई, मी असल्याला दारात ठेवून घेत नसतो. हलवा त्यो."

स्नेहलबाई शांत. "काकी, हलवला तर अंतर चुकतंय."

"फिरतोय म्हणं त्यो? मग फिरवा की शेजारच्याच्या दारात."

"फिरतोय, पण सूर्याभोवती एका फेऱ्याला त्याला तीस वर्षं लागतात जवळजवळ. आपल्या मापानं दिवसाला हात-दीड हात सरकंल. रविवारपर्यंत गेला तर तुमच्या उकिरड्यापर्यंत जाईल. आणि आमचा खांब तर सिमेंटात हाय."

झालं. शनी काय हलंना.

पण काकी तिथनं हलली का? तीबी हलंना. तिच्या डोक्यात ते तीस वर्षं अडकलं. घमेलं खाली ठेवलं, पायरीवर बसली आणि म्हणती, "माझं लगीन होऊन तीस वर्सं झाली. म्हंजे तवापास्नं त्यानं एकच फेरा मारला?"

"एकच."

"मग माझ्या मागं लागायला येळ कवा काढला त्यानं?"

विज्ञानात ते येत न्हाई, बाई म्हणाल्या.

तिथनं जे सुरू झालं, आठवडाभर रोज दूध घालून येताना काकी शाळेच्या फाटकात. ते कडं कशाचं? बर्फाचं आणि दगडधोंड्यांचं, कोट्यवधी तुकडं. पडत न्हाईत? न्हाई, सगळं त्याच्याभोवती फिरतंय. वर जाऊन उभं राहायचं म्हटलं तर? उभं राहायला जमीनच न्हाई काकी, नुस्ता वायू. आणि एवढा मोठा गोळा, पण पाण्यापेक्षा हलका, त्याला मावंल एवढी विहीर मिळाली तर तरंगंल. काकी म्हणाली, "आमच्या विहिरीत नको," आणि घरी येऊन मला इचारती, "तरंगंल व्हय रं?" मला काय माहीत? मी आयुष्यात कधी शनीकडं मान वर करून बघितलं न्हाई, पोटापाण्याचं बघू का ह्ये बघू?

मग कळलं त्याला अडीचशेच्या वर चंद्र हायत. काकी म्हणाली, "एकट्यानं एवढ्यांचं बघायचं म्हटल्यावर पाऊल जड पडणारच."

पण माया निराळी आणि पोरीचं लगीन निराळं. रविवार उजाडला आणि शनी काय हलंना, म्हणून काकीनं त्याच्यावर जुनं लुगडं टाकलं, वरनं सुतळी बांधली. आता मला सांगा, दारात माणसाच्या उंचीचं कायतरी लुगड्यात बांधून ठेवलंय म्हटल्यावर पावणं दुसरीकडं बघतील का?

जीप थांबली. पोरगा सम्राट, शिरोली एमआयडीसीत नोकरीला, खाली मान घालून. बाप आकाराम, आई अंबूबाई. आकाराम उतरला आणि पयला प्रश्न...

"ह्ये काय झाकलंय?"

मी खुणावतोय, नळाचा खांब म्हण, कायतरी म्हण. काकीनं माझ्याकडं बघितलं, पोरीच्या खिडकीकडं बघितलं, आणि सुतळी सोडली. म्हणाली, "लगीन जुळवायचं म्हणून खोटं बोलत न्हाई. शनी हाय. शाळेनं बसवलाय."

अंबूबाईनं पदर सावरला. मी म्हटलं, गेलं तिसरंबी.

आकाराम वाकला. कड्याला बोट लावलं. "ह्यो पत्रा कशासाठी?"

"पत्रा न्हवं, बर्फ हाय," काकी म्हणाली.

"बर्फ? उन्हात वितळत न्हाई? मग सूर्य कुठं हाय?"

"शाळेत. चला दावतो."

आणि गेली की हो थोरली माणसं सगळी. दारातनं आत पाऊल न टाकता. डेअरीपाशी गुरू बघितला, आकाराम हरभऱ्याएवढ्या पृथ्वीफुडं चष्मा पुसून पुसून उभा, "आपला बावडा ह्यातच का?" म्हणून दोनदा इचारलं त्यानं. अंबूबाईला नेपच्यून बघायचाच हुता, मग जीप काढून उसापर्यंत. पोहं थंड झालं, चहा दोनदा उकळला, आणि परत येऊन बघतोय तर अनुजा आणि सम्राट शनीच्या खांबाला टेकून निवांत बोलत बसल्यात. घरात कुणी नसल्यावर दुसरं काय करणार बिचारी?

पसंती तिथंच झाली. आकाराम म्हणाला, "इहीनबाई, बार उडवू लगीच." काकी रडली. मीबी जरा... असू दे ते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींकडं मुहूर्त काढायला. त्यांनी पंचांग उघडलं आणि मान हलवली. शुक्राचा अस्त लागतोय, त्यो सुटंपर्यंत लगीन न्हाई.

काकी धावत शाळेत. "बाई, शुक्र कुठं बुडला? फाटकाजवळ तर उभा केलाय तुम्ही."

"बुडला न्हाई काकी. खरा शुक्र फिरत फिरत सूर्याच्या पल्याड चाललाय, उजेडात दिसणार न्हाई इतकंच. येईल दीड-दोन महिन्यानं."

काकी घरी आली, शनीच्या बुडाशी बसली, आणि मला म्हणाली, "आठवडाभर ह्या गरिबाची उलटतपासणी केली बघ मी. आणि त्यो शुक्र, दिसायला देखणा म्हणून एका शब्दानं इचारलं न्हाई."