नंदीशेजारची जागा

...आणि वर उद्धट कोण, तर मी! नाही, तुम्हीच सांगा. तुम्ही बाहेरची माणसं, तुमचं माझ्याशी काही वाकडं नाही, माझ्या आत्यानं तुम्हाला अजून फोन केलेला नाही, तेव्हा तुमचं डोकं ठिकाणावर असणार. एका धडधाकट माणसाला सुट्टीच्या दिवशी सकाळी अंथरुणातून ओढून काढायचं, 'चल, जरा नदीवर फिरून येऊ' असं गोड बोलायचं, होडीत बसवायचं, आणि होडी काठापासून चांगली लांब गेली की मग तोंड उघडायचं, 'तुझ्यासाठी नवस बोलायला चाललोय बरं का.' लांब गेल्यावर! म्हणजे उतरून पळायचीसुद्धा सोय नाही. याला फिरायला नेणं म्हणतात? याला पळवून नेणं म्हणतात! आणि पळवून नेणारे कोण, तर बाप, मोठे काका, आत्या आणि सख्खी आई. आता तक्रार करायची कुणाकडे?

नवस कसला, तर मी परत कॉलेजात जावं याचा.

तर तुम्हाला सांगतो, मी कॉलेज सोडलंय. सोडलंय! मला काढलेलं नाही. हा फरक मी घरात सांगून सांगून माझा घसा बसला, पण आमच्याकडे ऐकायची पद्धतच नाही, आमच्याकडे फक्त सांगायची पद्धत आहे. इंजिनिअरिंगला होतो. तिथे काय, तर यंत्राचं चित्र काढायचं, यंत्राचं नाव लिहायचं, यंत्राला हात लावला की ओरडा खायचा. म्हटलं, राहू दे. गेलो आणि एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात राहिलो. तुम्ही कधी मेलेला फ्रिज जिवंत होताना ऐकलाय? आधी काहीच नाही, मग एक टक, आणि मग ती घुर्रर्र... अंगावर काटा येतो हो! पण हे घरी कुणाला सांगणार? बाबा म्हणतात, 'चांगला इंजिनिअर व्हायचा तर लोकांचे फ्रिज पुसत बसलाय.' आणि आत्या? आत्या चारचौघांत काय सांगते माहितीये? 'तो सध्या थंड हवेच्या ठिकाणी असतो.' देवाशप्पथ!

म्हणून होडीत मी उभा राहिलो आणि जाहीर केलं, 'तुम्ही खुशाल जा. मी देवळात आत जाणार नाही म्हणजे नाही!'

नावाडी म्हणाला, 'आधी खाली बसा.'

बसलो. कारण आमची होडी मुळातच तिरकी चालली होती. त्या नावाड्याची एक रीत आहे, तो माणसाला नुसता बघतो आणि सांगतो तुम्ही मधे, तुम्ही टोकाला, तुम्ही त्यांच्या समोर. म्हणजे तोल राहतो. त्यानं आत्याला सांगितलं मधे बसा. झालं! आत्याच्या मते मधे बसवणं म्हणजे सरळ सरळ जाड म्हणणं. 'मी कडेलाच बसणार, मला वारा लागतो,' म्हणून ती कडेला. मग काका म्हणाले, थोरला मी, बायकांनी आधी जागा का निवडायची, म्हणून ते त्याच कडेला. बाबा काकांच्या शेजारी, कारण बाबा आयुष्यभर काकांच्या शेजारीच बसत आलेत, विचार वगैरे नंतर. आणि मी आणि आई दुसऱ्या कडेला, अर्ध्या हवेत! नावाड्यानं बिचाऱ्यानं एक मोठा धोंडा उचलला आणि माझ्या मांडीत ठेवला. पूर्ण प्रवास मी धोंडा घेऊन केला. नवस माझ्यासाठी, धोंडा माझ्याच मांडीत.

बरं, मध्यावर होडीचं इंजिन बंद पडलं. तर सगळे माझ्याकडे बघायला लागले! बाबा म्हणाले, 'बघ की. एवढा दुकानात जातोस ना?' मी म्हटलं, 'अहो बाबा, हा फ्रिज आहे का?' काका म्हणाले, 'म्हणजे हेही येत नाही.' आत्या म्हणाली, 'डिग्री असती तर आलं असतं.' तिकडे नावाड्यानं दोरी ओढली, इंजिन सुरूसुद्धा झालं, पण माझी अब्रू काही परत सुरू झाली नाही. मी पुन्हा एकदा सांगितलं, आत जाणार नाही म्हणजे नाही, पण त्या इंजिनाच्या आवाजात ते फक्त धोंड्यानं ऐकलं.

बेट म्हणजे केवढंसं! आमच्या कॉलेजचं पार्किंग मोठं असेल. काळ्या दगडाचं बुटकं देऊळ, चार पायऱ्या, भिंतींवर पुराच्या पाण्याच्या रेघा, आणि दारासमोर नंदी. आमच्या लोकांनी पटापटा चपला काढल्या. मी हाताची घडी घालून उभा. मला वाटलं आता ओढतील, समजावतील, आई डोळ्यांत पाणी आणेल, मी तयारीत होतो हो, उत्तरं पाठ केली होती! तर आत्या म्हणते कशी, 'नाही येत ना? बरं झालं. चपलांकडे लक्ष ठेव. माझ्या नव्या आहेत.'

म्हणजे बंडसुद्धा नीट करू देत नाहीत! चार माणसांच्या चपला समोर, आणि मी नंदीशेजारी. मला नंदीबद्दल एकदम फार वाटलं. बघा ना, तोही बाहेरच. किती पिढ्या झाल्या, आत गेलेला नाही. त्याला कुणी म्हणतं का उद्धट? उलट त्याच्या कानात लोक इच्छा सांगतात! माझ्या कानात कोण काय सांगतं? 'अजून वेळ गेलेली नाही.'

तर तुम्हाला सांगतो, त्या गाभाऱ्याची एक गंमत आहे. छत बुटकं, दगड जाड, आत कुणी शिंकलं तरी बाहेर नदीवर ऐकू जातं. आणि पुजाऱ्याचा नियम असा की नवस मोठ्यानं बोलायचा. नुसता बोलायचा नाही, आपली एक आवडती गोष्ट सोडायची, इच्छा पुरी होईपर्यंत. आणि पुरी झाली की आल्या माणसांनी सगळ्यांनी परत यायचं, इथेच, नवस फेडायला. हे सगळं मला बाहेर स्वच्छ ऐकू येत होतं. नंदीलाही येत असणार.

पहिले काका. खाकरले. 'पुतण्या कॉलेजात जाईपर्यंत मी डोंगर चढणं सोडलं!'

डोंगर! अहो, काका घरात माळ्यावरची बॅग काढायला मला बोलावतात! लिफ्ट बंद असली तर खालीच बसून राहतात, वर जेवण थंड होतं!

पुजारी म्हणाला, 'आवडीची गोष्ट आहे ना?'

काका म्हणाले, 'अतिशय.'

मग आत्या. 'मी दूध सोडलं!' दूध! जे प्यायल्यावर ती तासाभरात पोट धरून बसते, डॉक्टरनं तिला सक्त मनाई केलीय, ते दूध! आणि आवाज असा, जणू काळजाचा तुकडा काढून ठेवतेय.

मग बाबा. माझे जन्मदाते. थोडा वेळ विचार केला. मला वाटलं, पेपर सोडतील, निदान दुपारची झोप तरी... बाबा म्हणाले, 'मी कारलं सोडलं.'

मी नंदीच्या पाठीवर डोकं ठेवून हसलो हो! कारल्याचा वास आला की बाबा शेजारी जेवायला जातात! मी म्हटलं, अरे ज्या देवासमोर एवढी मोठी माणसं असं धडधडीत सोंग करतात, त्याच्यासमोर मी कशाला जाऊ? माझं तर बरोबरच निघालं! मी आत जाणार नाही म्हणजे नाही! आणि एवढ्यात आईचा आवाज आला. हळू. पण तो गाभारा म्हणजे...

'मी चहा सोडला.'

आता तुम्हाला वाटेल, चहाच ना? तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. आमच्या घरात सगळ्यात आधी आई उठते. का? पाणी भरायला? डबे करायला? नाही. चहा प्यायला. कान तुटलेला एक कप आहे, तो दोन्ही हातांत धरून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते आणि बाहेर बघते. बाहेर काही नाहीये, समोरच्या इमारतीची भिंत आहे. पण त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. तो कप संपला की आमची सगळ्यांची तोंडं सुरू होतात, ती रात्रीपर्यंत. पूर्ण दिवसात त्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर तो कप. आणि तो तिनं सोडला. बाकीच्यांनी कारली सोडली!

माझं डोकंच फिरलं. पायातलं तिथेच भिरकावलं आणि गेलो तरातरा आत. गेलो! 'आई, हे चालणार नाही, हा सरळ सरळ दबाव आहे...' तर आत्या किंचाळली, 'अगं बाई, चप्पल! चप्पल घेऊन आत आला!' बघतो तर माझ्या हातात आत्याची नवी चप्पल. लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना, मी हातात घेऊनच बसलो होतो! काका म्हणाले, 'हीच का तुमची पिढी!' बाबा पिंडीकडे बघून माझ्यावतीनं माफी मागायला लागले. पुजारी मात्र शांत. म्हणाला, 'ती बाहेर ठेवून या, मग भांडा. देव कुठे जात नाही.'

आता सांगा, भडकलेला माणूस बाहेर जाऊन चप्पल जोडीनं लावून परत आला की त्याचा राग किती उरतो? उरला होता तेवढा घेऊन मी पिंडीसमोर उभा राहिलो आणि ओरडलो, 'आई चहा घेत नाही तोपर्यंत मीही चहा सोडला!'

पुजाऱ्यानं पिंडीवरचं फूल सरळ केलं. मग म्हणाला, 'असा नवस आजवर कुणी बोललेलं नाही. पण चालेल. आवाज चांगला आहे.'

आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्याच डोळ्यांनी बघितलं हो! मला तिथे कळलं, हा हट्ट माझ्याकडे आला कुठून. बाबांकडून तर शक्यच नव्हतं.

मग घरी काय सुरू झालं म्हणता? सकाळी आई खिडकीशी, हातात तोच कप, आत गरम पाणी. मी टेबलाशी, समोर गरम पाणी. दोघांचं डोकं ठणकतंय, दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. ती म्हणते, 'तू घे रे, तुला कामावर जायचंय.' मी म्हणतो, 'तू घे, मग मी घेतो.' ती म्हणते, 'तू कॉलेजात जा, मग मी घेते.' मी म्हणतो, 'मी जाणार नाही म्हणजे नाही.' ती म्हणते, 'नको जाऊस.' आणि पाणी पिते! आणि बाबा? बाबा आपला चहा घेऊन गॅलरीत जातात, आमच्याकडे पाठ करून पितात. आवाज मात्र येतो. फुर्रर्र. दुकानात तर विचारूच नका, मालक चहाशिवाय फ्रिजला हात लावत नाही, त्याच्या कपाची वाफ माझ्या तोंडावर, मी स्क्रू उलटा फिरवतोय. मालक म्हणाला, 'तू तरी चहा घे, नाहीतर कॉलेजात तरी जा. दुकान माझं बुडतंय.'

आणि मग आला फोन. दुकानात. कँटीनचा मोठा फ्रिज बंद पडलाय, ताबडतोब माणूस पाठवा. कुठलं कँटीन? तुम्ही ओळखलंत. मालकानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'जाणार नाही म्हणजे...' आणि डोकं एवढं ठणकलं की पुढचं राहिलंच.

हत्यारांची पिशवी न्यायला घरी आलो. आईला म्हटलं, 'कॉलेजात चाललोय. उगाच खूश होऊ नकोस. कँटीनचा फ्रिज बघायला.'

आई थांबली. 'गेटातून आत जाणार ना?'

'फ्रिज आत आहे म्हटल्यावर आतच जाणार.'

आईनं गॅस पेटवला. वर भांडं ठेवलं. दोन कपांचं.

मी म्हटलं, 'आई! अगं ही देवाची फसवणूक आहे!'

ती म्हणाली, 'तुझ्या बाबांचं कारलं चाललं ना त्याला?'

खिडकीशी उभं राहून दोघांनी चहा घेतला. समोर भिंत. तिनं आपला कप रिकामा केला. मग म्हणाली, 'तो फ्रिज नीट कर. अर्धवट सोडून येऊ नकोस.' बस, एवढंच. कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दल आख्ख्या खानदानानं मला जेवढं ऐकवलं ना, त्या सगळ्याहून हे जास्त लागलं. फ्रिज केला हो. घुर्रर्र झाला. आमचे एक सर कँटीनमध्ये उभे होते, म्हणाले, 'तू इथलाच ना?' मी म्हटलं, 'होतो.' तर त्यांनी थंड पाणी घेतलं आणि म्हणाले, 'बरं गार झालंय.' चार सत्रांत त्या माणसानं मला बरं म्हटलं नव्हतं!

झालं, संपलं, असं मला वाटलं. पण संध्याकाळपर्यंत बातमी आत्याकडे! फोन. 'गेलास ना कॉलेजात? देवानं ऐकलं!' मी म्हटलं, 'आत्या, मी फ्रिज दुरुस्त करायला गेलो होतो. फ्रिज! दुरुस्त! करायला!' ती म्हणाली, 'असू दे रे, सुरुवात अशीच होते.' तिकडे काका सगळ्यांना सांगतायत की मी एवढा डोंगरांचा त्याग केला, म्हणून पोरगा परत गेला. बाबांनी तर जाहीर केलंय, कारलं मी आता कायमचंच सोडतो. कृतज्ञता म्हणून!

आणि नियम तुम्ही ऐकलाच आहे. पुरा झाला की सगळ्यांनी परत जायचं. रविवारी. तीच होडी, तोच नावाडी, आणि माझ्या मांडीत तोच धोंडा. मी सांगून ठेवलंय, येतो, पण आत जाणार नाही म्हणजे नाही! तर आई शांतपणे म्हणते, 'तुझाही नवस पुरा झालाय ना? फेडायला नको?'

...आत्ताच आत्याचा परत फोन होता. म्हणाली, 'रविवारी सगळ्यांनी जुन्या चपला घाला रे. या वेळी बाहेर लक्ष ठेवायला कुणी नाही.'