नाळी आणि नाळे

चहा जरा कडकच सांग रं, डोकं उठलंय. आईला आजारपणात नाळीची भाजी खावीशी वाटली. चार दिवस झालं, हापिस सुटलं की शहापूरच्या बाजारात जातोय. कानडी भाजीवाल्या आक्काला विचारायचं, "आक्का, नाळी?"

ती म्हणायची, "आयतु, नाळे बर्री."

कानडीत आयतु म्हंजे बरं, नाळे म्हंजे उद्या, बर्री म्हंजे या. मला वाटलं, उद्या आणंल.

आज ती मोडक्या मराठीत भडकलीच. "रोज येतो, नाळे नाळे म्हणतो! घेणार कधी?" रागानं ओलं पोतं बाजूला सारलं, तर खाली नाळीच्या जुड्या! वर मलाच विचारती, "सरकारी हापिसात हाय काय तू?"

हाय की! दिवसभर खिडकीत बसून लोकांस्नी मी दुसरं काय म्हणतो? "नाळे बर्री."