दोन मीटरचा ब्लाउज

मले शिवणाचा शौक आहे हे तुम्हाले माहीतच आहे, पण शौक कुठवर न्यावा ते ऐका. मी ऑनलाइन एक पेपर कटिंग, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, मागवलं, जुन्या विलायती ब्लाउजचं, आता नव्यानं छापलेलं. फुग्याच्या बाह्या अन् कमरेले झालर! म्हटलं, भाचीच्या लग्नात हाच घालीन. सावनेरच्या नणंदेनं त्या लग्नासाठी मले भारी जांभळी साडी पाठवली होती अन् "वहिनी, हीच नेसून ये" म्हणून बजावलं होतं.

साडीतला ब्लाउजपीस कापला अन् मग वाचलं, कापड दोन मीटर लागते. आता? साडीचं आतलं टोक कमरेत खोचल्यावर कोणाले दिसते? तिथून बाह्या काढल्या. झालर राहिली होती, म्हणून पुन्हा कात्री चालवली.

ब्लाउज झकास झाला. साडी नेसून पाहिली, तर निऱ्याच होईनात! सासूबाईंनी पाहिलं अन् कपाळाले हात लावला.

"पोरीले काय सांगू वं आता मी?"

मी रडकुंडीले आली. त्या जवळ आल्या, बाहीचा फुगा हळूच दाबून पाहिला.

"उरलेल्यात माझा होईन का वं?"

लग्नात आम्ही सासू-सुना सारखेच ब्लाउज घालून, जुन्या साड्या नेसून हजर. नणंद तणतणतच आली.

"वहिनी, मी देलेली साडी काहून नाही नेसली?"

सासूबाईंनी आपली झालर नीट केली अन् लेकीले म्हणाल्या,

"डोळे फुटले का वं तुये? दोघीजणी तेच घालून आलो ना!"