एकोणीस पानं आणि आईची सही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि चहाच्या आशेने खुर्चीला चिकटून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

संशोधन नीती समितीतून आज शिवणकामवाल्या मावशी निवृत्त होत आहेत. समितीत बाकी सगळे डॉक्टर. सामान्य माणसाच्या वतीने बसणाऱ्या त्या एकट्याच. आम्हा सगळ्यांना पुरून उरल्या!

नऊ वर्षांपूर्वी दम्याच्या नव्या औषधाचा अभ्यास घेऊन मी परवानगीसाठी समितीपुढे गेलो. महिन्याभरात चारशे रुग्णांच्या सह्या हव्या होत्या, नाहीतर परदेशी संस्था अभ्यास दुसरीकडे नेणार होती. संमतीपत्र होतं एकोणीस पानांचं. मावशींनी ते हातावर तोललं.

"डॉक्टर, घरी कोण असतं?"

"आई. तिलाही दमा आहे."

"मग आधी तिची सही आणा. आणि तिलाही आणा."

संमतीपत्र आधी डॉक्टरच्या घरच्यांना द्यायचं, हा मावशींचा शिरस्ताच होता. मी खूश! आईची सही म्हणजे डाव्या हाताचा मळ. तिने भाजी निवडता निवडता करून टाकली. दुसऱ्या दिवशी मावशींनी तिला विचारलं, "ताई, सही कशावर केलीत?"

"कुणास ठाऊक! याच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा मी अशीच करायचे."

अध्यक्षांनी पाणी मागवलं. मग मावशींनी तिला दोन मिनिटांत समजावलं. औषध नवं आहे, त्रास होऊ शकतो, रक्त परदेशात तपासायला जाईल.

"मग नको," आई म्हणाली.

"अगं आई, माझ्या कामाचा प्रश्न आहे!"

"मग तुझं रक्त दे."

तेव्हाही सगळे असेच हसले होते. मावशी मात्र हसल्या नाहीत. "मग काल सही का केलीत?"

आई खाली बघत म्हणाली, "नाही म्हटलं तर हा रागावेल."

मंडळी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला पोटच्या मुलाची भीती, तर माझ्या दारातल्या पेशंटचं काय? नाही म्हटलं तरी उपचार चालू राहतील, हे वाक्य होतं की आमच्या फॉर्ममध्ये. सतराव्या पानावर!

ते वाक्य पहिल्या ओळीत आलं. एकोणीस पानांची दोन झाली. एकशे बारा जणांनी तोंडावर नाही म्हटलं, मुदत टळली, अभ्यास गेला. मावशींवर मी वर्षभर धुमसत होतो, हे आज कबूल करतो. पण ते एकशे बारा जण अजून माझ्याकडेच येतात. न घाबरता.

हा किस्सा सांगू का, असं मी परवा आईला विचारलं. ती नाही म्हणाली. मी रागावलो नाही. आज सकाळी ती आपणहून म्हणाली, "सांग, पण दोन पानांच्या वर बोलू नकोस." मावशी, ही परवानगी तुमच्यामुळे मिळाली. मनापासून आभार.

दुसरं पान संपलं. काही अधिक-उणं बोललो असेन तर सर्वांनी क्षमा करावी. नाही म्हणालात, तरी चहा मिळेल.