विश्रांतीच्या कागदावरची सही

आमी पलूसकडचे. चार एकर ऊस, थोरला चुलता पलटणीत, म्हणून मीबी पलटणीत गेलो, तिथं मेसवर लागलो, साहेब लोकांना वाढायला शिकलो आणि त्या शिकण्यावर मुंबईत एका विमान कंपनीत लागलो. स्टुअर्ड म्हणायचं त्याला. आमचे वडील, आबा, म्हणाले, व्हय रं, वाढप्याच की, फक्त वरच्या अंगाला.

काय सांगू तुम्हाला, काम दिसायला लय नाजूक, पण कवा पहाटे उठायचं, कवा मध्यरातीला, दिवसात चार येळा चढायचं, चार येळा उतरायचं, कानात दडे बसल्याले, पाय सुजून बुटात मावत न्हाईत. असे पाच-सहा दिवस झाले की दोन दिवस विश्रांती. त्यात झोपायचं, दुसरं काय करायचं न्हाई, आणि कामावर येताना विश्रांती घेतली म्हणून कागदावर सही करायची.

पण आमच्याकडं दिसा झोपणारा माणूस एकतर आजारी, न्हाईतर ऐदी. मी गावाला जाऊन सोप्यात बाजेवर पडलो की शेजारीण डोकवायची, आवं, पोराला ताप हाय का. आबा म्हणायचे, बसून जातोस, बसून येतोस, दमतोस कशानं गड्या. लाज वाटायची त्याची, लय लाज वाटायची. म्हणून त्या वर्षी गुऱ्हाळ लागलं तवा ते दोन दिवस मी चुलवाणापाशी काढले, जळण सारलं, रसाची काहिल उतरवायला हात लावला. आबा येईल त्याला सांगत होते, विमानातला हाय, पण मोडला न्हाई. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिथनं गाडी धरली, मुंबईत उतरलो, तसाच ड्युटीवर गेलो आणि सही केली.

विमानात माझ्याबरोबर लीना होती, दोन वर्षांची नोकरी तिची. माझे हात बघून म्हणाली, हे काय झालं. म्हटलं, गुळाचा चटका. म्हणाली, तुम्ही बसा, चहा मी देते.

उतरायच्या आधी उकळत्या पाण्याच्या भांड्याची खिट्टी लावायची, ते काम माझं. मला वाटलं, लावली. अजूनबी वाटतं, लावली. न्हवती लावली. विमानाला हिसका बसला, भांडं सुटून पाणी उडालं. लीना समोर पट्टा बांधून बसल्याली, तिला उठताबी आलं न्हाई. मान, खांदा, उजवा दंड.

चौकशी झाली. मला विचारलं, विश्रांती झाली होती का. मी म्हटलं, झाली होती साहेब. तिला दवाखान्यात जाऊन विचारलं, हा दमलेला वाटत होता का. ती न्हाई म्हणाली. माझे हात बघितले होते तिनं, तरी न्हाई म्हणाली. हवामान खराब, असा निकाल लागला. माझी नोकरी राहिली. तिचे डाग दिसतात म्हणून तिला परत विमानात चढवलं न्हाई, ऑफिसात टायपायला बसवलं.

आता चार वर्सं झाली. विश्रांतीचे दोन दिवस मी खिडकीला घोंगडं लावून मुंबईतच पडून असतो, गावाला जातो ते रजा काढून. महिन्याच्या ड्युटीचा तक्ता ती टाइप करते, माझ्या नावापुढं विश्रांतीचे दिवसबी तीच घालते. मी कागद आणायला जातो. ती देते, मी घेतो. तिनं कधी विचारलं न्हाई, मी कधी सांगितलं न्हाई. तिचं भलं व्हावं असं लय मनात येतं, पण देवाकडं मी ते कुठल्या तोंडानं मागू.