बिनचिठ्ठीची वर्दी

माझं माहेर धारचं आणि सासर देवासचं, मतलब एका पवारांच्या गावातून दुसऱ्या पवारांच्या गावात आले, एवढाच माझा प्रवास. वडील धारला शाळेत मास्तर होते, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी नाहीतर माळवी. इकडे सासरचे संस्थानातले शिंपी, थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजांच्या, बँडवाल्यांचे कोट आमच्या आजेसासऱ्यांनी शिवलेले, ते मामंजी शेवटपर्यंत सांगायचे, मामंजी म्हणजे माझे सासरे. संस्थान गेलं, बँड गेला, पण वर्दी शिवायचं काही सुटलं नाही आमचं. शाळेची वर्दी, बँकेच्या चपराशाची वर्दी, कारखान्यांच्या गार्डांची वर्दी. आमचे हे गेले तेव्हा माझी अर्चना सातवीत होती, आणि ताई, काय सांगू तुम्हाला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानाचं शटर उचललं. पुरुषाच्या अंगाला टेप लावायची लाज वाटायची आधी. मग नाही वाटलं काही. बाई माप घेते म्हणून चार लोक हसले, पण वर्दी अंगावर बसली की कोण हसतं. सगळे मला शोभाभाभी म्हणतात. तुम्हीही तेच लिहा.

गावाबाहेर, बायपासच्या पलीकडे ते मोठं विद्यापीठ झालं ना, त्याच्या गार्डांच्या वर्दीचं काम मला मिळालं. नाव नका लिहू त्याचं. केवढं मोठं आहे म्हणून सांगू, आतल्या आतच बस फिरते, आठ तर होस्टेलं, दहा हजार पोरं असतील की जास्त, मला ठाऊक नाही. अर्चनाही तिथंच एमएस्सीला, रोज त्यांच्या बसनं जाते. गार्ड साठ-पासष्ट. आकाशी शर्ट, गडद निळी पँट, बाहीवर बिल्ला. बिल्ले मला गठ्ठ्यानं देऊन ठेवलेले. आणि नियम असा, की गार्डानं सुरक्षा ऑफिसची शिक्क्याची चिठ्ठी आणायची, मग मी माप घ्यायचं. साधा नियम. मीच मोडला तो.

नवरात्र होतं. देवीच्या टेकडीवर गर्दी, रस्ते बंद, दुकानात माशी नाही. भर दुपारी एक माणूस आला, एकटा. गार्ड नेहमी चार-पाच मिळून यायचे, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. भाभी प्रणाम, म्हणाला, इतक्या अदबीनं की मी मशीन थांबवलं. परसों जॉइनिंग है भाभी, चिट्ठी साहब के पास है, साहब टेकडीवर गेलेत दर्शनाला, आप सिल दो, चिट्ठी कल दे जाऊँगा. मी म्हटलं, बरं. बस, एवढंच. बरं म्हटलं मी.

माप घेतलं. छाती बेचाळीस, कंबर छत्तीस, उजवा खांदा डाव्याहून उतरता, चांगला दोन बोटं. मी म्हटलं भिया, आतून गादी घालते म्हणजे सरळ दिसशील, तर हसला, म्हणाला सरळच दिसायचंय भाभी. मग म्हणाला शर्टाला आतून एक खिसा करा, छातीवर, खोल. आमचे कारागीर मांगीलालजी, चाळीस वर्षं झाली या दुकानात, ते कात्री थांबवून म्हणाले, गार्ड के अंदर की जेब किस वास्ते? मीच म्हटलं, त्याची मर्जी, आपण शिवायचं. नावाची पट्टी नको म्हणाला, ती ऑफिसातून मिळेल. बिल्ला मात्र लावून घेतला. तिसऱ्या दिवशी वर्दी घेऊन गेला. घालून पाहिली, आरशासमोर उभा राहिला, किती वेळ उभा राहिला तो. मला वाटलं नवी नोकरी आहे, आनंद झालाय. चिठ्ठी काही आली नाही. मी विसरले. कामात विसरतं माणूस.

दिवाळीनंतरची गोष्ट. अर्चनाच्या प्रयोगशाळेत एक मुलगी आहे, पूर्वा, सरदारपूरची, शेतकऱ्याची पोर, होस्टेलला राहते. राहायची. घरी आली की माझ्या हातची पोळी मागून खायची. ती यायची बंद झाली. अर्चना म्हणाली, आई, ती जेवतच नाही, क्लासलाही येत नाही, फोन वाजला की दचकते. मग एक दिवस अर्चनानं तिला बोलतं केलं आणि ते मला जेवताना सांगितलं.

लायब्ररीच्या मागून मुलींच्या होस्टेलला एक पायवाट जाते, पाण्याच्या टाकीवरून. दुपारी सगळे मेसमध्ये असतात तेव्हा तिथं चिटपाखरू नसतं. तिथं एक गार्ड उभा असतो. मुलगी एकटी दिसली की ओळखपत्र मागतो. म्हणतो, कॅमेऱ्यात तू एका मुलाबरोबर दिसलीस, रिपोर्ट जाणार आहे, फोन खोल, बघू दे. पोर घाबरून फोन देते. तो फोटो बघतो, नंबर काढून घेतो, बापाचा, भावाचा. आणि मग दुसऱ्या दिवशीपासून त्याचे फोन. टाकीमागं ये, नाहीतर घरी कळवतो. पूर्वाच्या घरी खरंच एकदा केला होता फोन त्यानं, वडिलांनी उचलला, हा काही न बोलता नुसता ऐकत राहिला, आणि मग तिला सांगितलं, तेरे पापा की आवाज़ सुनी मैंने. एकटी पूर्वा नाही ताई, आणखी कितीजणी. सगळ्या आपल्या गप्प, प्रत्येकीला वाटतं आपणच एकटी.

आणि अर्चना मला विचारते, आई, गार्डच्या शर्टाला आतून खिसा असतो का गं? त्यानं पूर्वाचा फोन छातीशी आत टाकला म्हणे, परत द्यायला रडवलं तिला.

साठ-पासष्ट गार्डांचे दोन-दोन शर्ट मी शिवलेत. आतला खिसा एकालाच. आणि त्याची चिठ्ठी कधी आलीच नव्हती, म्हणजे तो गार्ड नव्हताच.

दोन दिवस मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू, भ्याले. काम जाईल म्हणून भ्याले, लोक काय म्हणतील म्हणून भ्याले. मशीनवर बसले की तो आरशासमोर उभा दिसायचा. ती अंगातली ऐट मीच शिवून दिलेली ना त्याला. वर्दीला कोण विचारतं तू कोण म्हणून? फाटकावरचे खरे गार्डही नाही विचारत, समजतात दुसऱ्या पाळीचा असेल.

तिसऱ्या दिवशी मापांची वही घेऊन मी सुरक्षा ऑफिसात गेले. तिथले मोठे साहेब, सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणतात, फार सभ्य माणूस, चहा मागवला. सगळं ऐकलं. मग म्हणाले, शोभाजी, हमारे पास एक भी शिकायत नहीं है. कोई लड़की लिखकर दे तो देखें. मी म्हटलं ती भ्यालीय. तर म्हणाले, मग तक्रारच नाही, आणि तक्रार नाही तर घटना नाही. बिनचिठ्ठीची वर्दी तुम्ही दिलीत, बिल्ला तुम्ही लावलात, हे बाहेर गेलं तर पहिली कोण अडकेल? वही इथं ठेवून जा, मी बघतो. आणि हात पुढे केला. ताई, मी वही पदराखाली घेतली आणि उठले. चहा तसाच राहिला.

पूर्वाला म्हटलं, चल ठाण्यात, मी येते सोबत. ती म्हणाली, मावशी, पापांना कळलं तर त्याच दिवशी सामान बांधून घेऊन जातील, माझं शिक्षण संपलं. पाया पडायला लागली, पोलिसात नको म्हणून. सांगा ताई, काय करणार तुम्ही?

मग मला जे येतं ते मी केलं. गार्डांना निरोप धाडला, की खिशाची शिलाई कच्ची निघालीय, शर्ट आणून द्या, वरून हुकूम आहे. कुणाचाच हुकूम नव्हता, माझाच होता. मी आणि मांगीलालजी, आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही, एकेक शर्टाच्या खिशावर पिवळी दोरी लावली, बारीक, झेंडूच्या रंगाची. कॅप्टनसाहेबांनी पाहिली, म्हणाले अच्छी लग रही है. आणि अर्चनानं मुलींमध्ये कानोकानी सांगितलं, एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला. खिशावर पिवळी दोरी नसेल तो गार्ड नाही. फोन द्यायचा नाही, ओरडायचं.

त्या दिवसांत माझं लक्ष घड्याळातच. दुपारचा एक वाजला की मशीन थांबायचं, वाटायचं आता तो कुणाला तरी अडवत असेल. बारा दिवस काही नाही. मला वाटलं कळलं त्याला, गेला. आणि तेराव्या दिवशी एका पहिल्या वर्षाच्या पोरीला त्यानं टाकीपाशी थांबवलं. एवढीशी पोर, पण तिनं आधी खिसा पाहिला. फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि अशी किंचाळली म्हणतात की मेसमधल्या बाया पोळ्या टाकून धावल्या, बागेतल्या बाया खुरपी घेऊन धावल्या. त्यांनीच धरला त्याला. आतल्या खिशातून दोन फोन निघाले, दोन्ही कुणा ना कुणा मुलीचे.

पोलीस आले. कळलं की तो आधी कुठल्याशा कारखान्यात गार्ड होता, तिथून काढलेला. मी ठाण्यात वही दिली, जबाब दिला, बिनचिठ्ठीची वर्दी मीच शिवली हेही लिहून दिलं. विद्यापीठानं फळ्यावर कागद लावला, की बाहेरच्या व्यक्तीनं अनुचित वर्तन केलं. काम माझं गेलं. त्यात काही चूक नाही म्हणा त्यांची. चौकशीत पूर्वाचंही नाव निघालं, तिचे वडील सरदारपूरहून आले, माझ्या याच बाकावर बसले, पाणी नको म्हणाले. म्हणाले, बहनजी, उस दिन फोन पर मैं हलो-हलो बोलता रहा, मला काय ठाऊक पलीकडे कोण आहे. सामान बांधून घेऊन गेले तिला. परीक्षेपुरती येते आता, वडिलांबरोबर, वडिलांबरोबरच जाते.

संपलं असतं इथं तर बरं झालं असतं. पण त्याला जामीन झाला.

गेल्या महिन्यात, मांगीलालजी जेवायला गेलेले, मी एकटी. समोर सावली पडली. वर पाहिलं तर तो. साधे कपडे, दाढी केलेली. भाभी प्रणाम. तसाच, त्याच अदबीनं. बाकावर कापडाचं पुडकं ठेवलं, म्हणाला, एक जोड़ी और सिल दो, नाप तो आपके पास है ही. मग म्हणाले मी, इथं तुझं काही शिवून होणार नाही, उचल ते. त्यानं नाही उचललं. दुकानभर नजर फिरवली, मशीन पाहिलं, अर्चनाची ओढणी खुंटीवर होती ती पाहिली. म्हणाला, बिटिया पाँच नंबर की बस से आती है ना? तीन बजे? अच्छी बस है. आणि हळूच निघून गेला, घाई नाही काही नाही.

ठाण्यात गेले. ते म्हणाले, कापड ठेवलं, बसचा नंबर विचारला, यात गुन्हा काय लिहू बाई? पण लिहून घेतलं शेवटी, मी उठलेच नाही तिथून.

अर्चना म्हणते, आई, मी जाणं बंद नाही करणार. नको करू म्हटलं. मी तीनला रस्त्यावर जाऊन उभी राहते, बस दिसली की जीवात जीव येतो. पाच नंबरच्या बसच्या आणखी दोघी आया येतात आता, तिघी उभ्या असतो. कोर्टाची तारीख लागलीय. पूर्वा येईल का, ठाऊक नाही, तिच्या आईनं निरोप पाठवलाय की विचार करतोय. मी तर जाणार. जे केलं ते सांगणार, माझी चूकही सांगणार.

ते कापड तिथं फळीवर आहे बघा, आकाशी. कापायला हात होत नाही आणि फेकायला धीर होत नाही. मांगीलालजी त्याला शिवतसुद्धा नाहीत.

बाकी काय. सगळ्यांच्या पोरी सुखरूप घरी येवोत, देवी त्यांच्या पाठीशी राहो, आणखी मी काय मागू? तुम्हीही निघा आता ताई, उजेड आहे तोवर निघा. मोठ्या रस्त्यानंच जा. आणि पोचलात की मला फोन करा, विसरू नका.